तीन बोटं

निपाणीत नववीच्या वर्गाला
तंबाखूविरोधी व्हिडिओ करायला सांगणं म्हणजे—
जाऊ दे. वरून पत्र आलं होतं,
सोबत मूल्यमापनाचा तक्ता:
संदेश दहा, सादरीकरण दहा, परिणाम पाच.

पहिल्या गटानं कवटी आणली, प्रयोगशाळेच्या कपाटातली.
दुसऱ्यानं डिंकात कुंकू कालवून गालावर जखम केली;
ती ऐन वेळी गळून बाकावर पडली तेव्हा
अख्खा वर्ग हसला, जखमवालासुद्धा.
तिसऱ्यात भरतेश पांढरा कोट घालून म्हणाला,
"तंबाखू तोडा, आयुष्य जोडा",
आणि कोटाच्या खिशातून
पुडीचं टोक चकाकलं.
मी सगळ्यांना सात-सात टाकत गेलो.
खिडकीतून वखारीचा वास येत होता.
बदलून आलेल्या शिक्षकांना त्यानं शिंका येतात,
आम्हाला तो येतो हेच आठवत नाही.

मग मुमताज नदाफचा. एक मिनिट चाळीस सेकंद.
संगीत नाही. फोन विटेला टेकवलेला, चौकट तिरकी.
चुलीपाशी तिचा मामा. वय सव्वीस.
"मामू, तोंड उघड."
तो उघडतो.
"अजून."
"एवढंच."
ती तीन बोटं एकावर एक धरते त्याच्या दातांपाशी.
एक जातं. दुसरं अडतं.
मग ती ताटलीतलं मिरची भजं पुढे करते.
तो कसनुसं हसतो, त्याचे तुकडे करायला लागतो,
लहान, अजून लहान,
तान्ह्याला भरवावेत तसे.
संपला.

कुणी हसलं नाही.
मागच्या बाकांवर हळूच
एकेकाचा हात तोंडाकडे गेला.
भरतेश भिंतीकडे वळून बसला.
सिद्राम त्याला घरच्या कन्नडात म्हणाला,
"बाय तगी, नोडोण."
ही पोरं थट्टा मराठीत करतात.

तास सुटल्यावर मुमताज टेबलापाशी थांबली.
"सर, शेवटी 'सोडा' असं लिहायचं राहिलं.
अम्मी म्हणाली, नको लिहू, फी वखारीतनंच येते.
मार्क जातील?"

संदेशासमोर मी शून्य लिहिलं, खोडलं.
परिणामाच्या रकान्यात पाचाच्या वर जाता येत नाही.

घरी आल्यावर आधी डबी काढून फळीवर ठेवली,
चुन्याची नळी तिच्याशेजारी,
बावीस वर्षं ठेवतो तशीच.
दिवा लावला. आरशासमोर उभा राहिलो.
अडीच.

तक्ता अजून माझ्याकडेच आहे.