उत्तर मिळालं नाही

रोमाच्या सभागृहात हीटर एकच, तोही व्यासपीठापाशी,
म्हणून मागच्या रांगांतले आम्ही
ब्लँकेटं पांघरून ऐकतोय एकमेकांचं संशोधन.
जुलै आहे. मालोतीच्या डोंगरांवर बर्फ.

मोलेफीने लोकरीचे भाव मांडले.
पुसेलेत्सोने रस्ता झाल्यानंतरची शाळा मोजली:
रस्ता आला, आणि मुलं त्याच रस्त्याने निघून गेली.
प्रत्येकाला दहा मिनिटं. नवव्याला घंटी.

मग मी.
हा-मोकोटोचा हातपंप आणि लोकसहभाग.
घरं बासष्ट, उत्तरं एकसष्ट.
पाहुणे प्राध्यापक चष्मा कपाळावर चढवतात,
"एक्केचाळीस नंबरच्या घराचं काय झालं?"
"उत्तर मिळालं नाही, सर."

खोटं नव्हतं. फॉर्मात तेवढीच एक चौकट रिकामी होती.

एक्केचाळीस नंबर म्हणजे मे मालिपुओ.
आमच्या भाषेत, बोलण्यांची आई.
तिने मला बसायला स्टूल दिलं, पापा वाढला, वर पालेभाजी.
मी विचारलं, पंपाबद्दल समाधानी आहात का, एक ते पाच?
आणि ती सुरू झाली
वेल्कमच्या खाणीत गेलेल्या नवऱ्यापासून,
मग उद्घाटनाची बादली, जी साहेबांनी अर्धीच भरली,
मग दांडा, तिसऱ्या महिन्यात हलका लागायला लागलेला.
हलका म्हणजे पाणी सुटलं.
हे आधी बायकांच्या खांद्यांना कळलं.
समितीत खांदे नव्हते.
ऊन भिंतीवरून उतरून चुलीपर्यंत आलं,
एक ते पाचमधलं काही ती बोलली नाही.

निघताना तिने माझ्या हातातला फॉर्म उलटा केला,
चुलीतला कोळसा घेतला,
एक गोल काढला, त्यात एक लहान गोल.
"एवढा. चामड्याचा. तुमच्या तिकडे मिळत असेल."

स्कॅनरने पुढचीच बाजू घेतली.

चहाची सुट्टी. सगळे तळलेल्या माकोएन्याभोवती.
मी बस थांब्यासमोरच्या हार्डवेअरच्या दुकानात,
काउंटरवर कागद पालथा ठेवून.
दुकानदार डबा उपसतो,
कोळशाच्या गोलावर एक चकती ठेवून बघतो, नाही,
दुसरी, नाही,
तिसरी बसते.
"किती?"

बासष्ट दारांत हा प्रश्न मी कुठेच विचारला नव्हता.
"दोन द्या. एक झिजेल."

बोटाला काळं लागलंय.
रस्त्यापलीकडे घंटी वाजते,
कुणाचं तरी नववं मिनिट.