खालची बाजू

उजव्या अंगठ्याचं नख. पिवळट, जाड,
कडेला भुसभुशीत, वाळवी लागलेल्या चौकटीसारखं.
द्वारका कुबल पदराआडून हात काढत नाही.
"चुनो लावलंय, कडूलिंब लावलंय,
सा म्हयने गोळये खाल्लंय. आता तू काय नवीन बघतलंस?"

नवीन काही नाही, मावशी. फक्त बघणार आहे.
आजवर तेवढं कुणी केलंच नाही.

स्पिरिटनं पुसते. टोकाचा भुगा टाकून देते,
तिथं असतं ते बहुतेक मेलेलं.
बोथट पात्यानं आत जाते, जिथं रोग संपतो
आणि चांगलं नख सुरू होतं, त्या हद्दीवर.
कपच्या काळ्या कागदावर पडतात
तारलीच्या खवल्यांहून बारीक.
ती श्वास रोखते. मीही,
उडून जाऊ नयेत म्हणून.

काचेवर पोटॅशचा थेंब. वर पातळ काच. आणि थांबायचं.
नख विरघळतं, बुरशी विरघळत नाही,
एवढ्यावरच सगळी परीक्षा उभी.
वेंगुर्ल्याची वीज जाते, येते.
बंदरावर बर्फ फोडताहेत.

मग दिसला. लांब, सरळ धागा!
मी जवळजवळ लिहिलंच होतं.
पण फार हिरवा. फार गुळगुळीत.
पेरं नाहीत, फाटे नाहीत.
नायलॉन.
रात्रभर जाळं शिवत बसलेली ती
नखाखाली त्याचा एक तंतू घेऊन
माझ्यापर्यंत आली होती.

"काय गावलां?"
"जाळां गावलां," म्हटलं.
ती हसली, आणि हात टेबलावरच राहिला.

पुन्हा खरवडलं, आणखी खोल.
तिसऱ्या काचेवर, उजेड कमी केल्यावर,
फिकट, बांबूसारखा पेरापेरांचा,
फाटे फोडत पेशींमधून वाट काढणारा तो.
आहे, एवढं कळलं. कोण, ते नाही.

उरलेल्या कपच्या नळ्यांत पेरल्या. चार आठवडे.
दर सोमवारी ती टोपली दाराबाहेर ठेवून विचारायची,
"रुजलां काय?"
एका नळीत काळं काहीतरी धरलं.
ते इथल्या दमट हवेतलं, तिचं नव्हे. फेकलं.

चौथ्या आठवड्यात वर पांढरा कापूस.
नळी उलटी करून तिच्या हातात दिली.
खालून आगळाचा रंग,
रातांब्याच्या आगळाचा, गडद.

ती कितीतरी वेळ बघत राहिली.
"ह्यां माझ्या नखात होतां?"
मग, अगदी हळू,
"बरां दिसता."