भोक

नियम असा आहे :
ज्याला मारायचं, तो आधी जिवंत दिसला पाहिजे.
म्हणून मी दिओदातो बेतेंकूरना सांगते, सुरू करा.

गुडघ्याला हात देत ते ट्रॅक्टरवर चढतात,
पोर्तुगीजमध्ये काहीतरी पुटपुटत.
शिवी असेल, किंवा देवाचं नाव,
या बेटांवरची माणसं दोन्ही एकाच सुरात घेतात.

किल्ली. खाकरणं. पुन्हा किल्ली.
मग उठतो तो, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा,
आणि उभ्या नळीतून
कुणी काजळी मुठीमुठीनं उधळावी तसा धूर.
चाळीस सेकंदांचं चित्रीकरण लागतं.
तिसाव्याला मला ठसका लागतो,
तोही जातो पुराव्यात.

सकाळी येताना टिप्टनच्या शाळेवर
मोठ्या झेंड्याखाली छोटा नारिंगी झेंडा होता :
आज मधल्या सुट्टीत पळायचं नाही.
पोरं भिंतीच्या कडेनं बसली होती, शहाण्यासारखी.
सान वाकीनचं हे खोरं म्हणजे परात.
तीन बाजूंना डोंगर,
इथं सांडलेलं इथंच शिळं होतं,
वर उत्तरेचा वारा शेजाऱ्यांचंही आणून ओततो.
पूर्वेला सिएरा आहे म्हणतात.
मी नकाशात पाहिलाय.

"हे पैसे कुणाचे, मिस व्हांग?"
इंजिन बंद करून ते विचारतात.
चौदा महिने थांबलेत, सुनेनं, लुर्देसनं,
एकवीस पानं भरलीत, तीनदा परत आलीत,
निम्मी रक्कम घरची घातलीय,
तेव्हा विचारायचा हक्क आहेच.
मी म्हणते, गाडीची नोंदणी करताना
प्रत्येकाकडून थोडे थोडे घेतात.
फ्रेझ्नोत केस कापणारीचे आहेत यात,
रात्रपाळीच्या नर्सचे,
तुमच्या पिकअपचेही.
"म्हणजे माझेच मला."
थोडे तुमचे. बाकी खोकणाऱ्यांचे.

ते हसत नाहीत.
टोपी काढून आत बघतात, जणू तिथं हिशेब लिहिलाय.
"मेहुणा विकत मागत होता. सीमेपलीकडे नेणार होता.
चालतोय की अजून!"
चालतोय, म्हणूनच.
विकला तर धूर फक्त पत्ता बदलेल.

ड्रिल त्यांनी स्वतः धरलं.
नातू पुढे झाला, त्याला कोपरानं सारलं.
तीन इंच व्यास, इंजिनच्या ठोकळ्यात, आरपार.
ठिणग्या, मग किंचाळणं,
मग तेल आलं, संथ,
कुणी घाई केली नाही त्याला.
मी पट्टी लावली. फोटो काढला.
तीन आणि एक अष्टमांश. चालेल.
निघालेली चकती त्यांनी उचलली, गरम होती,
या हातातून त्या हातात केली आणि खिशात टाकली.
तिच्यासाठी अर्जात रकाना नाही.
मी पाहिलं नाही.

रकाना आहे तो असा :
वर्षाला किती टन वाचले?
मी आकडा भरला. लहान आहे.
परतताना शाळेचा झेंडा नारिंगीच असणार,
आणि यादीत अजून सहाशे नावं,
निधी मार्चमध्येच संपलेला.

नवा ट्रॅक्टर गोठ्याच्या तोंडाशी उभा होता,
विजेचा, धुतलेल्या वाटीसारखा.
फाटकाशी गाडी वळवताना आरशात दिसलं,
ते वैरण घेऊन निघालेत.
आवाज नाही, म्हणून गाई उठत नव्हत्या.
चाळीस वर्षं, आईमागून लेक, त्या गोठ्यानं
जेवणाची वेळ डिझेलवरून ओळखलेली.
ते थांबले. इकडं तिकडं पाहिलं.

मी काच खाली केली.

डुग्, डुग्, डुग्, डुग्...
म्हातारा तोंडानं इंजिन करत होता,
गाल फुगवून, ऐंशीव्या वर्षी,
आणि पहिली गाय
मागच्या पायांवर उठायला लागली.