मधली रेघ

मे महिन्याच्या दोन तारखेला कुताइसी शहर
आपला वाढदिवस रस्त्यावर मांडून बसतं.
गाड्या बंद, म्हणून रेघाही बंद, म्हणून आम्हाला सुट्टी.
मी ट्रक चालवतो. मागे पिंपापाशी वालिको.
एकतीस वर्षं एकच रंग, पांढरा,
एकच आकार, सरळ.

झुझुनाबाईंनी डांबरावर खडूनं चौकोन आखले होते,
घरटी एक. ज्याला जे सुचेल ते.
बेकरीवाल्यांनी होडीसारखा पाव काढला,
मग राहवेना म्हणून त्यात एक नावाडी बसवला.
दोघा वकील भावांनी आपला चौकोन वाटून घेतला
आणि हिरव्या डब्यावरून भांडले.

वालिको कडेला, हात खिशात.
‘वाळायला चाळीस मिनिटं लागतात,’
एवढंच सांगत होता ज्याला त्याला.

चौथीतल्या लिलेचा मासा अर्धा झाला होता,
रिओनी नदीतला म्हणे,
पण पोट जमत नव्हतं.
तिनं न विचारता ब्रश याच्या हातात कोंबला.
तो खाली बसला. ढोल चालू असतानाही
त्याचे गुडघे वाजलेले मला ऐकू आले.

काढलं त्यानं पोट:
माशानं फुटपट्टी गिळली असावी तसं.
लिले हसली नाही.
तिनं त्याचं मनगट धरलं
आणि चहात साखर ढवळावी तसं फिरवलं.

रात्री मेजावर सांडलेल्या वाइनमध्ये
तो बोटानं तेच काढत होता.
मी ग्लास भरला, त्यानं पाहिलं नाही.

दोन दिवसांनी हुकूम:
पूल ते बाजार, मधली रेघ ताजी करा. अखंड.
पहाटे पाचला निघालो.
नावाड्याच्या अंगावरून चाक गेलं.
वाईट वाटलं, पण गाडी सरकारी.
वकिलांच्या हिरव्यातून पांढरं गेलं,
बहुधा वाटणी झाली एकदाची.

मग मागून पत्र्यावर टकटक.
मी वेग कमी केला.
तोटी बंद झाल्याचा कर्र आवाज,
तीन हात रस्ता नुसताच मागे गेला,
पुन्हा कर्र.

दुपारी साहेबांनी आम्हाला तिथं उभं केलं.
बुटाच्या टोकानं मासा दाखवून म्हणाले,
हे काय?

वालिकोनं खाली पाहिलं, जरा वेळ घेतला.
‘इथं ओलं होतं,’ म्हणाला.