जीएसएम

अशोक चौकात माझं दुकान, दहा बाय आठ.
वर पाटी : कुडक्याल मोबाईल्स.
खाली बारीक अक्षरांत ‘टॉवेलचे सॅम्पलही मिळतील’,
ती ओळ वडिलांची. पुसायची राहून गेली.

मार्चात कंपनीचा माणूस आला पुण्याहून.
म्हणाला, हा ओरिका. बारा देशांत हिट.
मी आधी उलटा करून पाहिला
(टॉवेलचीही उलटी बाजूच बघायची असते)
आणि विचारलं, सिम किती?
एक.
म्हटलं, साहेब, चहा घ्या.

चहा पिता पिता तो सांगत होता,
तिकडे फोन टॉवरवालाच देतो,
दोन वर्षांच्या करारात बांधून,
हप्ता बिलात मुरतो, फोन फुकट वाटतो.
असेल.
इथं आधी किंमत कळते, मग फोन.
इथं एक सिम जुनं, लग्नाआधीचं,
बँकेत, शाळेत, सोयऱ्यांत दिलेलं,
आणि दुसरं नेटचं, ज्याची ऑफर त्याचं.
कुंभारीच्या घरकुलात एकाच कंपनीची रेंज,
तीही गच्चीच्या एका कोपऱ्यात, दोरीवरच्या साडीला टेकून.
आणि अक्कलकोट ओलांडून वागदरीकडे निघालात
तर फोन म्हणतो, कर्नाटकात आपलं स्वागत आहे.
माणसं अजून महाराष्ट्रातच उभी असतात,
कन्नडमध्ये एसटीची वाट बघत.

तरी घेतले सहा. स्कीम होती.

राजव्वा चिट्याल आली, लेकाने पैसे पाठवलेले.
अंगठा ठेवा, म्हटलं.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणाला फोन.
पुन्हा. पुन्हा.
चाळीस वर्षं रोज हजार विड्या,
पान, कात्री, तंबाखू, दोरा;
अंगठ्यावरची रेघ कधीच झिजून गेलेली.
ती हसली : नन्नू गुर्तुपट्टलेदु.
नाही ओळखलं मला. रेशनचं मशीनही ओळखत नाही,
ह्याचं काय घेऊन बसलास.
आणि बटणाचा घेऊन गेली, दोन सिमचा, टॉर्चवाला.

एक अंबय्याला दिला, वापरून बघ म्हणून.
त्याच्या शेडमध्ये चोवीस माग.
फोन वाजला हे फक्त फोनलाच कळलं.
मे महिन्यात चव्वेचाळीसला पारा,
त्यानं खिशातून काढला तर पडद्यावर
नम्रपणे लिहिलेलं :
कृपया मला थंड होऊ द्या.
अंबय्या म्हणाला, मालकाला दाखवतो हे.

वडील म्हणायचे, माल चांगला असतो रे,
पण माल एकटा जात नाही.
त्याच्यासोबत कोण कोण जातं ते बघ.
मस्कतच्या एजंटाला गडद रंग लागायचा,
हॅम्बुर्गवाल्याला पांढरा, काठ नको, वजन जास्त.
आमचा टॉवेल कुठल्या कुठल्या हॉटेलांत पोचला,
लेबल दुसऱ्याचं लावून.
ते जीएसएम म्हणायचे ते एका चौरस मीटरचं वजन.
मी दुकान टाकलं तेव्हा त्यांना वाटलं,
पोरगा धंद्यातच आहे.

ऑगस्टात पुण्याचा नंबर लागेना.
मग कळलं, कंपनीने इकडचं गुंडाळलं.
स्कीमचं क्रेडिट आलं नाही. चार पीस पडून.

दिवाळीला भाचा आला डॅलसहून.
मामा, हा तुमच्यासाठी, तिकडे सगळ्यांच्या हातात हाच.
डबा उघडला. ओरिका.
सिम घातलं माझं. लाल अक्षरं :
हे सिम चालणार नाही.
तिथल्या टॉवरवाल्याचं कुलूप, भाचा म्हणाला,
करार अजून चौदा महिने आहे.

आता काउंटरवर दोन्ही शेजारी शेजारी.
एक, ज्याला इथं कुणी घेतलं नाही.
एक, जो इथल्या कुणाला घेत नाही.
धूळ बसू नये म्हणून वडिलांच्या कपाटातल्या
शेवटच्या सॅम्पलात गुंडाळून ठेवलेत.
साडेचारशे जीएसएम.
रेंज नाही.