तांबाकाटा

बाबांचं रक्त आज माझ्याच टेबलावर आलं.
नळीवर चिठ्ठी: द. वि. निजामपूरकर, पुरुष, ७८.
परळच्या या लॅबमध्ये एकवीस वर्षं
मी लोकांच्या रक्तातलं तांबं मोजते,
ज्योतीत फवारा सोडते, आकडा उतरवून घेते.
नाव वाचायची सवय नाही.

बाबा तांबाकाट्यावर तोलायचे.
आधी मण आणि शेर, मग किलो.
पत्रा पारड्यात पडायच्या आत
नखाने टिचकी मारून सांगायचे:
हे निखळ.
ह्यात कथील आहे शेट, दुसरीकडे बघा.

मेंदूत जे चिकट पुंजके साचतात
त्यात म्हणे तांबं सापडतं, लोखंड, जस्त,
चिमटीतही येणार नाही एवढं.
त्यांनी आजार आणला
की आजाराने त्यांना गोळा केलं,
अजून कुणीच छातीठोक सांगत नाही.
डॉक्टर वाच्छांनी हे मला एकदा समजावलं,
आईला तीनदा.

तरी आईने जर्मनची सगळी भांडी काढली.
दोन तोप, भाताचं पातेलं,
आणि कानाशी चेपलेलं ते दुधाचं भांडं.
घोडपदेवच्या आमच्या जिन्यात
भंगारवाल्याने काटा लटकवला.
बाबा दारात उभे. सकाळपासून
आईला ‘अहो बाई’ म्हणत होते.
एकदम म्हणाले, "काटा मारतोय हा."

खरंच मारत होता. पाव किलो.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात फिरत राहिले,
एकेक भांडं उचलून टिचकी, मग कान लावून.
स्टीलचं नवं पातेलं बराच वेळ वाजत राहिलं.
"हे घर आपलं नव्हे," म्हणाले, आणि चपला शोधू लागले.
आई ओट्याला टेकून उभी होती.
चेपलेलं भांडं कुठल्या भट्टीत गेलं असेल
हे तिने मला विचारलं नाही,
पण दुसऱ्या दिवशी माझगावच्या तीन दुकानांत जाऊन आली.

रिपोर्ट आला. सगळं मर्यादेत.
सही करताना माझा हात जरा थांबला:
मर्यादेत असणं ही बातमी चांगली की
नुसतीच बातमी.

घरी येऊन त्यांच्या शेजारी बसले.
"बाबा, तुमचं तांबं मोजलं मी."
त्यांनी मान वळवली. कित्येक महिन्यांनी
डोळ्यांत तो जुना, धंद्याचा संशय.
"किती भरलं?"
मी आकडा सांगितला.
"कमी आहे," ते म्हणाले,
"परत तोल."