दिवाडीच्या लोहाराचं म्हणणं

तरीतून उतरला. पाद्रींनी ठेवलेलं नाव पावलू,
मूळचं गोन्शिरो, तेही हळूच सांगितलं,
उधारी मागावी तसं.
फडक्यात तलवार.
म्हणाला, हिची विळी करून दे,
बायकोला इसवण कापायला.

पातं उन्हात धरलं.
धारेलगत मांडवीच्या ओहोटीसारखी रेघ.
असलं पोलाद माझ्या बापानंही पाहिलं नव्हतं.

विचारलं, किती वर्षं शिकलास?
सातव्या वर्षापासून, म्हणाला. बर्फात, अनवाणी,
पेंढीवर हजार वार,
रडलं की पुन्हा एकपासून.
रस्त्यात माणसं वाकायची.
मग धनी पडला, बंदुकांच्या धुरात, एका सकाळी.
आता कुणा फिरंग्याच्या छत्रीमागं चालतो,
सावली त्याची, ऊन माझं.

मी भाता ओढला.
रेघ पहिल्या तापातच गेली.
तो पाय जुळवून उभा,
घरातलं कुणी जातंय तसा.

पुढल्या आठवड्यात त्याची रुझारिन आली.
विळी बरी आहे, म्हणाली,
पण पहाटे उठून हा तिच्यापुढं गुडघे मोडून बसतो,
ताठ, उजाडेपर्यंत,
आणि माझी मासळी खोळंबते.

मजुरीचं ती काही बोलली नाही.
मीही नाही.